सातव्या प्रतिमेतली चिठ्ठी

माझ्या दुकानाच्या दारावर नगरपालिकेने पिवळी पाटी ठोकलेली आहे : 'सावधान. आत समोरासमोर आरसे आहेत.' पूर्वी असल्या पाट्या कुत्र्यांसाठी असायच्या. कुत्रं निदान कधीतरी झोपतं, आरसा झोपत नाही, असं पाटी ठोकायला आलेल्या माणसाने मला समजावलं आणि जाताना त्याच आरशात बघून भांग पाडून गेला.

दुकान बार्शीत, जुन्या भाजी मंडईच्या अलीकडे. नाव 'प्रकाश केशकर्तनालय'. प्रकाश नावाचं आमच्या घरात कुणी नाही. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुकान उघडलं त्याच दिवशी आळीत वीज आली, म्हणून प्रकाश. समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन मोठे आरसे. ते बेल्जियमचे आहेत असं आप्पा सांगायचे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक सलूनमधला आरसा बेल्जियमचा असतो. बेल्जियमची माणसं दाढी कशात बघून करतात, हा प्रश्न मला लहानपणापासून आहे.

मी मच्छिंद्र राऊत. वय त्रेसष्ट. पंचेचाळीस वर्षं या दोन आरशांच्या मधे उभा आहे. एवढ्या वर्षांत माणसाबद्दल एकच गोष्ट खात्रीने शिकलो. केस कापून झाले की आम्ही गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे हातआरसा धरतो. भिंतीवरचा मागचा आरसा लांब पडतो आणि मधे गिऱ्हाइकाचं स्वतःचंच डोकं येतं, म्हणून हा जवळचा. 'मागचं बघा' म्हणतो. गिऱ्हाईक मान हलवतं. मान हलवताना ते समोर स्वतःच्या तोंडाकडे बघत असतं. पंचेचाळीस वर्षांत एकानेही 'थांबा, डाव्या कानामागे राहिलंय' असं म्हटलेलं नाही. आरसा धरणं ही आमची रीत, मान हलवणं ही त्यांची. बघणं कुणाच्याच रीतीत नाही.

त्या पिवळ्या पाटीचं कारण माझा धाकटा भाऊ. डॉक्टर जालिंदर राऊत. सुई टोचणारा डॉक्टर नव्हे, प्रकाशाचा. पुण्यात त्याची प्रयोगशाळा आहे. त्याने काढलेल्या यंत्राचं नाव 'साक्षी'. सहा वर्षांपूर्वी साक्षीची धाकटी आवृत्ती लोकांच्या फोनमध्ये आली आणि महाराष्ट्राची झोप गेली. जुना कुठलाही फोटो तिला द्यायचा. फोटोत आरसा असो, स्टीलचा तांब्या असो की कुणाच्या चष्म्याची काच, तिच्यावर उमटलेलं पुसट प्रतिबिंब ती घासूनपुसून वर काढते. म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे काय चाललं होतं तेही दिसतं. लोकांनी हौसेने लग्नाचे अल्बम काढले. पंगतीतल्या तांब्यांमध्ये कोण वधूकडे बघून रडत होतं आणि कोण जेवणाला नावं ठेवत होतं ते तीस-तीस वर्षांनी कळलं. आमच्या आळीत दोन घरं बोलेनाशी झाली. पुढारी मंडळी आता चुना लावलेल्या भिंतीपुढेच फोटो काढतात, तेही चष्मा काढून. आणि मग कायदा आला : जिथे दोन आरसे समोरासमोर असतील तिथे पाटी हवी.

समोरासमोरच का, ते मला देशमाने सरांनी शिकवलं होतं. सर आमच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे. शाळेच्या प्रयोगशाळेत एकच आरसा होता आणि तोही मुख्याध्यापकांच्या खोलीत टांगलेला. म्हणून सर वर्ग घेऊन आमच्या दुकानात यायचे. दाढीला बसलेलं गिऱ्हाईक फेसासकट मधे, आणि भोवती चाळीस पोरं.

"सपाट आरशातली प्रतिमा कुठे असते?" सर विचारायचे. "वस्तू आरशाच्या पुढे जेवढी, तेवढीच प्रतिमा आरशाच्या मागे. आता समोर दुसरा आरसा आहे. त्या बिचाऱ्याला कळत नाही की ही नुसती प्रतिमा आहे. तो तिलाच खरी वस्तू समजतो आणि तिची आणखी एक प्रतिमा काढतो. मग पहिला आरसा त्या प्रतिमेची प्रतिमा काढतो. दोघं थांबत नाहीत. प्रत्येक उसळीला प्रतिमा लांब जाते, लहान होते, आणि बाजू बदलते. एकीत तोंड, पुढचीत पाठ, पुढचीत पुन्हा तोंड. मग आपल्याला शेवटपर्यंत का दिसत नाहीत? राऊत थोरला, सांग."

मी सांगायचो. आरसा सगळा प्रकाश परत देत नाही. शंभरातला ऐंशी-ब्याऐंशी देतो, बाकीचा गिळतो. सातव्या उसळीपर्यंत जेमतेम पाव उरतो, आणि काचेतल्या लोखंडामुळे तोही हिरवट होऊन येतो. शिवाय दोन आरसे कधीच अगदी समांतर नसतात, म्हणून रांग हळूहळू एका बाजूला वळत जाते.

"म्हणजे प्रत्येक प्रतिमा थोडी वेगळ्या कोनातून बघते," सर म्हणायचे. "एका खोलीत सात माणसं सात जागी उभी करावीत तसं."

जालूने पुढे आयुष्यभर एवढंच केलं. त्या सात माणसांचे जबाब एकत्र केले. एकेकटा जबाब अंधुक असतो, सातांचा मिळून एक स्वच्छ निघतो. साक्षीची ही नवी, मोठी आवृत्ती सातव्या प्रतिमेपर्यंत जाते. तिचं उद्घाटन आज पुण्यात आहे. जालू स्वतः दोन उंच आरशांच्या मधे उभा राहणार, यंत्र त्याच्या साती प्रतिमा पडद्यावर आणणार, आणि ते सगळ्या वाहिन्यांवर दिसणार.

पुण्याला जालू का गेला आणि मी का नाही, हेही सांगायला हवं. माझ्या मनात ते कधी अवघड नव्हतं.

मी जालूपेक्षा एका वर्षाने मोठा, पण शाळेत आप्पांनी आम्हाला एकाच दिवशी घातलं, कारण गुरुजींकडे त्यांची फेरी एकदाच व्हायची होती. एकोणीसशे शहाण्णव साली आम्ही दोघं बारावी झालो. पदार्थविज्ञानात मला जालूपेक्षा दोन गुण जास्त. पण आप्पांच्या हाताला तोवर कंप सुटला होता. वस्तरा गळ्याजवळ आला की गिऱ्हाईक डोळे उघडून देवाचं नाव घ्यायचं. आप्पा म्हणाले, एकाने पुण्याला जायचं, एकाने खुर्चीमागे उभं राहायचं. कुणी, ते देव सांगेल.

आमच्या घरी देवाला विचारायची पद्धत ठरलेली. दोन चिठ्ठ्यांवर दोन नावं. आप्पांना अक्षर येत नव्हतं, म्हणून चिठ्ठ्या देशमाने सरांनी लिहिल्या. आप्पा दुकानातल्या सेना महाराजांच्या तसबिरीसमोर पाठीमागे हात घेऊन चिठ्ठ्या मिसळत, मग एका मुठीत एक, दुसऱ्या मुठीत एक. आई म्हणेल तो हात पुढे यायचा. दुसऱ्या हातातली चिठ्ठी उघडायची नाही. ती तशीच घडी घातलेली विहिरीत सोडायची. ती उघडून बघणं म्हणजे देवाकडे पावती मागणं.

आई म्हणाली, "उजवा." आप्पांनी उजवा हात पुढे केला. सर कॅमेरा घेऊन आले होते. "जरा थांबा," म्हणून त्यांनी फोटो काढला. मग चिठ्ठी उघडली. जालिंदर.

त्या फोटोत मी हात जोडून डोळे मिटून उभा आहे. पुढे घरात सगळे हसायचे, मच्छूने फ्लॅशला डोळे मिटले म्हणून. मी फ्लॅशला मिटले नव्हते, मागत होतो.

आठ दिवसांनी एसटी स्टँडवर जालू खिडकीत बसून रडायला लागला. "दादा, तुझे गुण जास्त होते." खाली आई रडत होती, कंट्रोलर शिट्टी मारत होता, सगळा फलाट बघत होता. मी म्हणालो, "अरे वेड्या, मी डोळे मिटून तुझंच नाव मागत होतो." जालू लगेच थांबला. गाडी सुटली. हे वाक्य जालू आजवर प्रत्येक भाषणात सांगत आला आहे. लोक डोळे पुसतात. मीही टीव्हीसमोर पुसले आहेत. चिठ्ठी देवाची होती, त्यामुळे माझी कुणाविरुद्ध तक्रार नव्हती. या एका गोष्टीवर मी पंचेचाळीस वर्षं सुखाने दाढ्या केल्या.

तर काल सकाळी जालू आला. डब्याएवढी पेटी घेऊन, एकटाच. केस सगळे पांढरे, पण दाट. कुठल्याही मोठ्या दिवसाआधी तो माझ्याकडेच केस कापून घेतो, अगदी परदेशातून येऊनसुद्धा. या वेळी आणखी एक काम होतं. नव्या साक्षीला तपासायला जुन्या आरशांची एक जोडी हवी होती, चाळीस-पन्नास वर्षं त्याच खिळ्यांवर लटकलेली.

दुकानात बाबूराव नकाते होते. ते रोज असतात. एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले, डोक्यावर एक केस नाही, आणि गेली वीस वर्षं रोज सकाळी पेपर वाचायला सलूनमध्ये येतात.

"या डॉक्टर," बाबूराव म्हणाले. "तुमची ती पुण्याची गाडी मीच सोडली होती. तेव्हा अडवली असती तर आज आळीतली दोन घरं बोलत असती."

"बाबूराव, तुमच्या टकलातसुद्धा प्रतिबिंब पडतं," जालू म्हणाला. "जपून राहा."

पेटीतून हिरवी रेघ निघाली आणि दोन्ही आरशांवरून फिरली. मग पेटीतून एक बाई बोलली, तलाठी सातबारा वाचतो त्या सुरात. "आरसा एक आणि आरसा दोन. अंतर दहा फूट चार इंच. कल दीड अंश. रांग उजवीकडे वळते. काच जुनी. जोडी वापरण्यास योग्य."

"बेल्जियमची आहे का विचार," मी म्हणालो.

"फिरोजाबाद," बाई म्हणाली.

बाबूरावांनी पेपर खाली ठेवला. "आप्पा गेले ते बरं झालं."

मला एकदम आठवलं. खणात वस्तऱ्यांच्या खाली तुरटीच्या डब्यात एक पाकीट होतं. सरांनी जाताना दिलेलं. मी ते काढलं. "जालू, ही आपल्या चिठ्ठीची निगेटिव्ह. आरसे तेच, खिळे तेच. यावरच बघ की. उद्या पुण्यात हाच फोटो दाखव. सुरुवात इथूनच झाली ना?"

जालूने पाकीट हातात घेतलं नाही. "नको दादा. इतकी जुनी निगेटिव्ह. बुरशी असेल."

"तुरटीत होती. तुरटीत बुरशी येत नाही."

"त्यात काही दिसायचं नाही. फ्लॅश आहे. आरशात पांढरा गोळा आलेला आहे, आठवतंय मला."

"तुझं यंत्र सातव्या प्रतिमेपर्यंत जातं म्हणतोस. गोळा पहिलीवर आहे."

"दादा, मला आज वेळ नाही."

"आता कटिंगला तासभर बसणारच आहेस की," बाबूराव म्हणाले. "का आमच्या फोटोपुरतं यंत्र नापास?"

जालू माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी पाटी फोडून आला की असा बघायचा. मला वाटलं, आप्पांची आठवण आली असेल. मीच पेटीची फट बघितली आणि निगेटिव्ह आत सरकवली.

भिंतीवर फोटो उमटला. आप्पा मधे, उजवी मूठ पुढे. डावीकडे आई. उजवीकडे जालू, आणि कडेला मी, डोळे मिटून. सर समोरच्या आरशापाशी उभं राहून फोटो काढत होते, त्यामुळे आम्ही सगळे त्यांच्याकडे तोंड करून, आणि आमच्या पाठीमागे दुसरा आरसा. पाठीमागच्या आरशात पांढरा गोळा, आणि त्याच्या कडेने बारीक होत गेलेली हिरवट रांग.

"पहिली प्रतिमा," बाई म्हणाली. "पाठ. फ्लॅशमुळे वाचता येत नाही. दुसरी प्रतिमा. पुढची बाजू. चार व्यक्ती. तिसरी प्रतिमा. पाठ. चार व्यक्ती. व्यक्ती एकचा डावा हात पाठीमागे. हातात कागद. कागदावर अक्षर आहे. अपुरं."

"बंद करतो," जालू म्हणाला.

"राहू दे," मी म्हणालो. मला हसू येत होतं. "त्यावर मच्छिंद्र आहे. विहिरीत गेलेला मच्छिंद्र. मला एकदा बघू दे कसा लिहिला होता सरांनी."

कागद उघडा कसा, हे माझ्या लक्षात आलं ते नंतर. आप्पांचा हात कापत होता, त्या कापण्यात घडी सुटली होती. सरांच्या फ्लॅशने तो एक क्षण धरून ठेवला होता.

"पाचवी प्रतिमा. पाठ. अक्षर अपुरं. सातवी प्रतिमा. पाठ. अक्षर अपुरं. तिसरी, पाचवी आणि सातवी एकत्र करत आहे. अक्षर उलटं आहे. सुलटं करत आहे."

भिंतीवर आधी करडे ठिपके आले. मग एक लांब रेघ आली, शब्दाच्या दोन्ही बाजूंना बोटभर बाहेर गेलेली. देशमाने सर शिरोरेघ फूटपट्टीने ओढायचे, अख्ख्या शाळेला माहीत होतं. मग रेघेखाली अक्षरं लटकली.

जालिंदर.

मी उजव्या मुठीकडे बघितलं. उजवीतून जालिंदर निघाला होता, तो मी स्वतः वाचला होता. डावीतही जालिंदर. आई 'डावा' म्हणाली असती तरी चाललं असतं. आप्पांना लिहिता येत नव्हतं. म्हणजे दोन्ही वेळा सरांनीच लिहिलं होतं, पट्टी लावून, नीट. दुकानात चाळीस पोरांसमोर 'राऊत थोरला, सांग' म्हणणाऱ्या सरांनी.

बाईचं काम संपलं नव्हतं. तिला कुणी थांबवलं नव्हतं. "नजरांची नोंद. व्यक्ती दोन, स्त्री. नजर पुढच्या मुठीवर. व्यक्ती चार. डोळे मिटलेले. व्यक्ती तीन. नजर छायाचित्रकाराच्या खांद्यावरून समोरच्या आरशात, तिथून मागच्या आरशात, तिथून व्यक्ती एकच्या डाव्या हातावर."

व्यक्ती तीन आता माझ्यासमोर, खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती.

बाबूरावांनी पेपर उचलला आणि उलटा धरून वाचायला लागले.

"ठरवलं नव्हतं मी, दादा," जालू म्हणाला. "आई शप्पत. आरशात दिसलं. सतरा वर्षांचा होतो. आधी वाटलं, उजवीत तुझं असेल. मग उघडल्यावर कळलं."

"मग बोलला नाहीस."

"दुसरी उघडायची नसते ना."

हे तो अगदी खरेपणाने म्हणाला.

"आणि सर?" मी विचारलं.

जालूने पेटी बंद केली. "सर आजारी होते तेव्हा मला बोलावून घेतलं होतं. आप्पा त्यांच्याकडे गेले होते म्हणे, चिठ्ठीच्या आदल्या दिवशी. स्वतःचा हात त्यांच्यापुढे धरला. म्हणाले, हा बघा असा झालाय. थोरल्याचा हात देवाने दिलेला आहे, वस्तरा लोण्यातून फिरावा तसा फिरतो. धाकटा उभा राहिला तर महिन्याभरात गिऱ्हाइकांचे कान जातील आणि दुकानही. सर म्हणाले, गुण थोरल्याचे जास्त आहेत. आप्पा म्हणाले, म्हणूनच देवाच्या नावाने करा. माझ्या नावाने केलं तर तो ऐकेल, पण माफ करणार नाही."

"हे तुला कधी सांगितलं?"

"एकोणीस वर्षं झाली."

एकोणीस वर्षांत जालू माझ्या खुर्चीत शंभरएक वेळा तरी बसला असेल. डोळे मिटून, मान पुढे टाकून.

मी हिशेब लावत होतो की कुणावर रागवावं. आप्पा गेले, सर गेले. दोघं असते तर त्यांच्यावर ओरडलो असतो. आई बिचारी 'उजवा' म्हणाली होती. उरला एक, आणि तो खुर्चीच्या पाठीला धरून रडायच्या बेतात आला होता, आणि मला त्याची समजूत घालायची सवय होती.

"दादा," तो म्हणाला, "मी गप्प राहिलो, पण का राहिलो सांगू? तू स्टँडवर म्हणालास म्हणून. तू डोळे मिटून माझंच नाव मागत होतास. मग मी म्हटलं, दादाने माझंच मागितलं, आणि दोन्हींवर माझंच होतं. देवाने काय नि आप्पांनी काय. तुझं मागणं पुरं झालं. बिघडलं कुठे?"

"जालू, मी माझं नाव मागत होतो."

पेटीतलं काहीतरी बारीक गुणगुणत होतं, ते थांबलं. दुकानात माझ्या आणि जालूच्या कितीतरी जोड्या होत्या, दोन्ही भिंतींमध्ये पार हिरवट होईपर्यंत.

"मग खोटं का बोललास?" तो म्हणाला.

"आई रडत होती. फलाट बघत होता. बाबूराव शिट्टी मारत होते."

"गाडी चाळीस मिनिटं लेट होती," बाबूराव उलट्या पेपरामागून म्हणाले.

जालू खुर्चीत बसला. बराच वेळ समोरच्या आरशात स्वतःकडे बघत होता. मीही मागे उभा राहून त्याच्याचकडे बघत होतो. म्हटलं, आता काहीतरी म्हणेल. उद्या जगासमोर हाच फोटो लावतो म्हणेल, किंवा निदान ते भाषण टाकतो म्हणेल. पंचेचाळीस वर्षं मी थांबलो होतो, आणखी पाच मिनिटांची मला घाई नव्हती.

"दादा," तो म्हणाला.

"बोल."

"उद्याच्या भाषणात ते वाक्य आहे. तू माझं नाव मागितल्याचं. छापून गेलंय सगळीकडे. तेवढं... तेवढं राहू दे ना. आता बदललं तर लोक विचारत बसतील."

मी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं.

"राहू दे की," मी म्हणालो.

"फोटोचं पण कुठे बोलायला नको. बाबूराव, तुम्ही पण."

"मी पेपर वाचतोय," बाबूराव म्हणाले.

मी कापायला सुरुवात केली. कात्री चालली, कंगवा चालला. कानांवरून घेतलं, भांग धरला, कल्ले सरळ केले. समोरून असा देखणा दिसत होता की दूरदर्शनवाल्यांना वेगळा मेकअप लागू नये. त्याने डोळे मिटले. अर्ध्या वाटेत त्याला डुलकीही लागली. मन हलकं झालं असावं.

मग मी शून्य नंबरची मशीन घेतली. मानेवरची लव साफ केली आणि हात तसाच वर नेला. डोक्याच्या मागच्या बाजूला, बरोबर मध्यावर, दाट पांढऱ्या केसांत एक चौकोन काढला. घडी घातलेल्या चिठ्ठीएवढा. चारी कडा अशा सरळ आल्या की देशमाने सरांनी पट्टी लावली असती तरी याहून चांगल्या आल्या नसत्या. आप्पांचा हात कापायचा. माझा कापत नाही. त्याचसाठी मला ठेवून घेतलं होतं.

केस झटकले. त्याला जागं केलं. हातआरसा घेतला आणि त्याच्या डोक्यामागे धरला, अगदी नीट, उजेडाकडे वळवून. समोरच्या आरशात चौकोन स्वच्छ दिसत होता. जालूला नजर स्वतःच्या तोंडावरून एकच प्रतिमा पुढे न्यायची होती.

"मागचं बघ," मी म्हणालो.

जालूने समोर स्वतःच्या तोंडाकडे बघून मान हलवली.

"जालू, नीट बघ," मी म्हणालो. आरसा आणखी जवळ धरला.

"बघितलं रे दादा." तो कापडातून हात काढून माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "तुझ्या हातावर विश्वास आहे माझा."

मी आरसा खाली ठेवला.

तो उठला, माझ्या पाया पडला, पेटी उचलली. निगेटिव्ह पेटीतच राहिली, ती त्याने मागितली नाही आणि मी आठवण करून दिली नाही. दारातल्या पिवळ्या पाटीखालून वाकून तो गाडीत बसला. बाबूराव पेपरावरून त्याच्या पाठीकडे बघत होते. गाडी मंडईच्या कोपऱ्यावरून वळली तेव्हा त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला.

"मच्छूशेठ, डॉक्टरांच्या मागं ते..."

"हो."

"उद्या दोन आरशांच्या मधे उभं राहणार ना ते?"

"हो."

"त्यांना दाखवायचं तरी होतं."

"दाखवलं," मी म्हणालो. "दोनदा दाखवलं."

आणि खाली पडलेले केस झाडायला लागलो.